दोन पट्ट्या की एक फळी?

मानपाड्याहून दिसते ती येऊरची हिरवी रांग. हिम आम्ही चित्रांतच पाहिलेले. औलीला जायचे ठरले आणि प्रश्न आला : स्कीइंग शिकावे की स्नोबोर्डिंग?

स्कीइंगमध्ये पाय वेगळे, हाती काठ्या, दृष्टी समोर; पट्ट्यांची पुढील टोके जवळ आणून टाचा फाकवल्या की वेग आवरतो. गुडघे मात्र जपावे लागतात. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. आरंभीचे दिवस पडण्यात जातात, मनगटे दुखावतात, परंतु पुढील प्रगती शीघ्र होते.

हाती चारच दिवस. “मला आधी थांबता आले पाहिजे,” म्हणत पंचावन्नाव्या वर्षी मी स्कीइंग निवडले. कन्येने फळी निवडली. म्हणाली, “आई, पडायला माझ्याकडे पुष्कळ वर्षे आहेत!”

नवशिक्याने एवढेच स्वतःस विचारावे : दिवस किती आणि पडणे किती सोसेल?