आशीर्वादाचा ईएमआय

खराडीतला एक एसी हॉल. स्टेजवर ड्रम्स, गिटार, मागे भलामोठा स्क्रीन. लहानपणीच्या चर्चमधली पेटी आणि तबला आठवून मी जरा बावरलेच! पण माहोल एकदम सॉलिड. एकामागून एक साक्षी सुरू झाल्या. देवाने कुणाला टू बीएचके दिला, कुणाला कॅनडाचा व्हिसा. मग स्क्रीनवर क्यूआर कोड झळकला आणि पाळक म्हणाले, "आज विश्वासाने पेराल, तर शंभरपट कापाल."

शेजारी बसलेल्या माझ्या मावसभावाने मोबाइल काढला. दहा हजार. टिंग!

मी हादरले. कारण आयटीतली त्याची नोकरी जाऊन दोन महिने झाले होते. फ्लॅटचा हप्ता मात्र दर पाच तारखेला न चुकता कापला जात होता.

"दादा, अरे, घरात किराणा भरायचाय..."

"तू गप्प बस गं. विश्वासाने दिलेत."

आणखी दोन महिने गेले. इंटरव्ह्यू झाले, पण ऑफर काही येईना. त्याने तिथल्या एकाला गाठून विचारलं, तर उत्तर मिळालं, "तुझा विश्वास कमी पडतोय." नोकरी गेल्यापेक्षा हे वाक्य त्याला जास्त लागलं. कंपनीने निदान 'तुझी चूक नाही' असं तरी म्हटलं होतं. इथे देवाच्या दारातही तोच नापास!

पेरा आणि कापा हा फंडा काही आपल्या मातीतला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओरल रॉबर्ट्ससारख्या अमेरिकन प्रचारकांनी तो लोकप्रिय केला. टीव्हीवरून तो जगभर गेला. आता तो आपल्या मोबाइलमध्ये आहे, एवढंच.

पण खरं सांगू? मी पडले फ्रीलान्सर. चेक कधी येईल याची प्रार्थना मीही करते. त्यामुळे पैशाला नावं ठेवणारं अध्यात्म मला झेपत नाही. 'गरिबीतच खरं सुख' असं सांगणारे बहुतेक वेळा पोटभर जेवलेले असतात. मग येशू आपल्याला विपुल जीवन द्यायला आला असं आपण मानतो, त्यातलं 'विपुल' म्हणजे नेमकं काय?

एका शनिवारी दादाला म्हटलं, "चल, केडगावला जाऊन येऊ." दौंडच्या वाटेवरचं हे गाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आजही आहे. नाव आम्ही संडे स्कूलपासून ऐकलेलं, पण गोष्ट नीट कुणाला माहीत होती? गाडीत मी वाचत होते आणि दादा खिडकीबाहेर बघत ऐकत होता.

गरिबी काय असते हे रमाबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण उपासमारीने गेले. म्हणूनच १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास केडगावात २००० च्या आसपास माणसं होती. एवढ्यांच्या जेवणासाठी ठरलेलं उत्पन्न? नाही! ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्युलरबद्दल त्यांनी वाचलं होतं. त्याच वाटेने त्या देवाकडे मागत राहिल्या. पण नुसतं मागून बसल्या नाहीत. विहिरी खोदल्या, शेती केली, छापखाना काढला, मुलींना हाताला काम शिकवलं.

म्हणजे पैसा रमाबाईंनीही मागितला. भरपूर मागितला! फक्त त्यांच्या मागण्यात 'मला किती' नव्हतं, 'आज ताटं किती' होतं. आलेला पैसा त्यांच्यापाशी थांबला नाही. विपुल म्हणजे बहुतेक हेच असावं.

मग मी पुढचं वाचलं. त्यांची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली. मराठी बायबलचं भाषांतर पुरं करून रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या.

दादा इतका वेळ गप्प होता. एकदम म्हणाला, "यांचाही विश्वास कमी पडला होता का गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यालाही ते नको होतं. केडगावच्या आवारात तो कितीतरी वेळ एकटाच फिरला. परतीच्या गाडीत चार महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून बोलला. दहा हजारांबद्दल नाही. बायकोपासून लपवलेल्या क्रेडिट कार्डच्या बिलाबद्दल.

त्याला अजून नोकरी मिळालेली नाही. चमत्काराची वाट बघत असाल तर सॉरी! घरी बिलाचा विषय निघाला, भांडण झालं, मिटलंही. तो सध्या सोसायटीतल्या मुलांना गणित शिकवतो.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. घराजवळच्या जुन्या, पंखे कुरकुरणाऱ्या चर्चमध्ये तो साक्ष द्यायला उभा राहिला होता म्हणे.

"कसली साक्ष?" मी विचारलं.

"नोकरी गेलीय, एवढंच सांगितलं. उपासना संपल्यावर तिघं जण येऊन हळूच म्हणाले, आमचीही गेलीय. आता मंगळवारी सगळे आमच्याकडे जेवायला येतायत."

"आणि किराणा?"

"अगं, प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतोय. तू पण ये. आणि रिकाम्या हाताने येऊ नकोस!"