न्यूरीच्या वेशीवर

डब्लिनहून बेलफास्टला जाणारी बस डन्डॉक मागे टाकते आणि थोड्याच वेळात देश बदलतो. चौकी नाही, फाटक नाही, पोलीस नाही. रस्त्याच्या कडेची पिवळी तुटक रेघ पांढरी होते, वेगमर्यादा मैलांत दिसू लागते आणि फोनवर ब्रिटिश कंपनीचा मेसेज येऊन पडतो. आयर्लंड संपलं, युनायटेड किंगडम सुरू झालं. २०२० पासून युरोपीय संघाची हद्दही इथेच संपते.

सुमारे ५०० किलोमीटरची ही सीमा १९२१च्या फाळणीतली. काउंट्यांच्या जुन्या हद्दी जशाच्या तशा उचलल्या, त्यामुळे ती शेतांमधून गेली, ओढ्यांमधून गेली, पेटिगोसारख्या गावाच्या तर मधूनच गेली. १९२३ साली जकात नाकी बसली. १९७०च्या दशकातल्या सशस्त्र संघर्षात ब्रिटिश सैन्याने काँक्रीटचे ठोकळे टाकून आणि सुरुंगांनी खड्डे पाडून आडवाटा बंद केल्या. शेजारच्या शेतावर जायचं तरी लांबचा वळसा पडू लागला. ऑगस्ट १९७२मध्ये सीमेजवळच्या न्यूरीच्या जकात नाक्यावर बॉम्ब फुटला आणि नऊ जण गेले. त्यांत जकात कर्मचारी होते, ट्रकचालक होते आणि बॉम्ब आणणारेही होते.

१९९८च्या शांतता कराराने बंदुका शांत झाल्या आणि टेहळणीचे मनोरे उतरले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण जकात नाकी त्याआधीच, १९९३मध्ये उठली होती, कारण दोन्ही देश एकाच युरोपीय बाजारपेठेत आले होते. ब्रेक्झिटच्या प्रचारात लंडनला याचा विसर पडला, असं माझं स्पष्ट मत आहे. उत्तर आयर्लंडच्या सुमारे ५६ टक्के मतदारांनी संघात राहण्याच्या बाजूने कौल दिला होता. तरी त्यांना बाहेर पडावं लागलं.

बाहेर पडण्याच्या वाटाघाटी रंगल्या तेव्हा आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर. त्यांचे वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. ऑक्टोबर २०१८मध्ये ब्रसेल्सच्या शिखर परिषदेत त्यांनी युरोपच्या नेत्यांपुढे एक वर्तमानपत्र ठेवलं. त्यात १९७२च्या न्यूरीच्या त्याच स्फोटाची कहाणी होती. नाकं पुन्हा उभं राहिलं तर काय होऊ शकतं, हे सांगायला आणखी कशाची गरज नव्हती. वर्षभराने ब्रिटिश पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्याशी त्यांची भेट झाली आणि तोडग्याची वाट मोकळी झाली. जमिनीवरची सीमा मोकळी राहिली. ब्रिटनहून येणाऱ्या मालाची तपासणी बेलफास्ट, लार्नसारख्या बंदरांत गेली. ब्रिटनशी जोडलेलं राहू इच्छिणाऱ्यांना हे फार लागलं. त्यांच्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या बहिष्कारामुळे तिथलं प्रांतिक सरकार फेब्रुवारी २०२२पासून दोन वर्षं ठप्प होतं. त्यांचं दुःख मला खोटं वाटत नाही, पण नाक्यापेक्षा बंदर बरं.

न्यूरीहून वॉरनपॉइंटच्या रस्त्याला लागलं की नॅरो वॉटरचा चौकोनी दगडी बुरूज येतो. समोर अरुंद पाणी, पलीकडचा काठ आयर्लंडचा. २७ ऑगस्ट १९७९ रोजी इथे दोन स्फोटांत १८ ब्रिटिश सैनिक मारले गेले. गोळीबार पलीकडून होतोय असं वाटून सैनिकांनी पाण्यापार गोळ्या झाडल्या आणि तिथे सुट्टीवर आलेला एक निरपराध माणूस गेला. त्याच दिवशी सकाळी स्लायगो काउंटीत बोटीवरच्या स्फोटात माउंटबॅटन मारले गेले होते. आपली फाळणी ज्यांच्या सहीशिक्क्याने झाली, ते व्हाइसरॉय. त्या बुरुजाजवळ दोन्ही काठांना जोडणाऱ्या पुलाचं काम २०२४मध्ये सुरू झालं. बहुतेक खर्च आयर्लंडचं सरकार करतं आहे.

मराठी प्रवाशाला मात्र सांगायला हवं: रस्त्यावर कोणी अडवत नाही म्हणून व्हिसा लागत नाही, असं नाही. आयर्लंड आणि ब्रिटन यांचे व्हिसे वेगळे, आणि दोन्ही शेंगेनबाहेरचे. भारतीयांसाठी २०१५पासून एक संयुक्त योजना आहे. त्यात एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं, पण व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ ही अक्षरं असावी लागतात आणि ज्याने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरावं लागतं. डब्लिनकडे परतणाऱ्या बसमध्ये आयरिश पोलीस अधूनमधून कागद तपासतात, आणि सावळ्या माणसालाच आधी विचारतात, अशी तिथल्या लोकांची जुनी तक्रार आहे. तेव्हा तिकीट काढण्याआधी व्हिसावरची ती अक्षरं तपासा, आणि पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नका.