ब्रॉडचर्चच्या कड्याखाली

रहस्यमालिकेत खुनी कोण हे शेवटच्या भागात कळते. पण माणसे एकमेकांना का दुरावली, हे त्याआधीच हळूहळू उलगडत जाते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका छोट्या बंदरात मारलेला हा फेरफटका.

नकाशात ‘ब्रॉडचर्च’ शोधायला गेलात तर सापडणार नाही. त्यासाठी डॉर्सेट काउंटीतल्या वेस्ट बे या बंदराची वाट विचारावी लागते. २०१३ साली आयटीव्ही वाहिनीवर ‘ब्रॉडचर्च’ ही मालिका सुरू झाली आणि अकरा वर्षांच्या डॅनी लॅटिमरचा खून कुणी केला, या प्रश्नाने सारे इंग्लंड टीव्हीसमोर खिळून राहिले. २०१७ पर्यंत तिचे तीन भाग झाले. त्यात दिसणारा तो सोनेरी, सरळसोट कडा म्हणजे वेस्ट बेचा ईस्ट क्लिफ.

मला तिथे घेऊन गेली माझी चुलत बहीण. ती ब्रिस्टलला असते. काका १९८५ च्या सुमारास नोकरीसाठी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. पुढे १९९८ साली सांगलीच्या घराची वाटणी निघाली, दोन भावांत शब्दाला शब्द लागला आणि तेव्हापासून बाबा आणि काका एकमेकांशी बोललेले नाहीत. आम्ही मुलींनी मात्र पत्रे, मग ई-मेल असे करत धागा टिकवला. कामानिमित्त मी लंडनला गेले तेव्हा तिने हट्टच धरला, ‘‘दोन दिवस आमच्याकडे ये. ताई, तुला तो कडा दाखवते.’’

वाटाण्याएवढे दगड

ब्रिस्टलहून मोटारीने साधारण दोन तासांचा रस्ता. हिरवी कुरणे, दगडी कुंपणे, चरणाऱ्या मेंढ्या आणि मग एकदम समोर समुद्र. ब्रिट नदी इथे समुद्राला मिळते. गाव एवढेसे, पण बंदरावर मासे आणि बटाट्याचे काप तळून देणाऱ्या टपऱ्यांची रांग आणि घास पळवायला टपलेले सीगल पक्षी. मालिकेतले पोलीस ठाणे म्हणजे बंदराकाठची फ्लॅट्सची इमारत. मालिकेतले चर्च शोधाल तर इथे मिळणार नाही. ते ब्रिस्टलजवळच्या क्लीव्हडनचे सेंट अँड्र्यू. टीव्हीवरचे गाव असे तुकडे जोडूनच उभे राहते.

किनाऱ्यावर वाळूऐवजी बारीक गोटे. इथून पोर्टलंडपर्यंत सुमारे २९ किलोमीटर पसरलेल्या चेझिल बीचचे हे पश्चिम टोक. गंमत अशी, की या टोकाला गोटे वाटाण्याएवढे आणि पोर्टलंडकडे जावे तसे मोठे होत बटाट्याएवढे. अंधारात होडी लागली, तरी मूठभर गोटे चाचपून आपण कुठे आहोत हे कोळ्यांना आणि चोरटा माल आणणाऱ्यांना कळे, असे सांगतात.

कड्याचा वालुकाश्म ज्युरासिक काळातला, कोट्यवधी वर्षांचा. हा सुमारे १५० किलोमीटरचा किनारा २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पण हा कडा ठिसूळ. जुलै २०१२ मध्ये जवळच्या बर्टन ब्रॅडस्टॉक येथे दरड कोसळून एका तरुण पर्यटक मुलीचा बळी गेला. म्हणून कड्याच्या पायथ्याशी थांबू नका, असे फलक जागोजागी लावलेले आहेत. फोटोच्या नादात आपण तिकडे दुर्लक्ष करतो, ते करू नये.

प्रत्येकाच्या घरात एक बंद खोली

मालिकेचे लेखक ख्रिस चिबनल याच भागात राहत. खुनाचा तपास हे त्यांचे निमित्त. त्या तपासाच्या वाटेवर लागणाऱ्या प्रत्येक घरात एक बंद खोली आहे.

तपास अधिकारी अॅलेक हार्डीचेच घ्या. डेव्हिड टेनंटने उभा केलेला हा तिरसट, आजारी माणूस आधीच्या एका खटल्यात पुरावा हरवल्याची बदनामी घेऊन गावात येतो. खरे तर तो पुरावा चोरीला गेला त्याच्या पत्नीच्या मोटारीतून. तीही पोलिसात. त्या वेळी ती दुसऱ्याच पुरुषासोबत हॉटेलात होती. मुलीच्या मनातून आई उतरू नये म्हणून हार्डी दोष स्वतःवर घेतो. फळ काय, तर तीच मुलगी त्याचा फोन उचलत नाही.

त्याची सहकारी एली मिलर (ऑलिव्हिया कोलमन) बहिणीपासून दुरावलेली, कारण बहिणीचे जुगाराचे व्यसन. सुझन राइट नावाची गूढ बाई गावात आलेली असते ती लहानपणीच हिरावला गेलेला मुलगा शोधत, आणि मुलाला ती नकोशी. वर्तमानपत्रे विकणाऱ्या म्हाताऱ्या जॅकचा भूतकाळ उकरून गाव त्याच्यावर उठते. खुनाशी त्याचा संबंध नव्हता, हे सिद्ध होण्याआधीच तो जीव देतो.

आता इतक्या वर्षांनी गुपित सांगायला हरकत नाही. खुनी निघतो एलीचाच नवरा. दुसऱ्या भागात तिचा मुलगा टॉम, बाप गेला तो आईमुळेच, अशा रागाने मावशीकडे राहायला जातो. शेवटी तो परततो खरा, पण तोवर एलीची झालेली दशा पाहवत नाही.

ब्रिडपोर्टचा खंजीर

तीनेक किलोमीटरवर ब्रिडपोर्ट हे जुने गाव आहे. शेकडो वर्षे इथे तागाचे दोर आणि मासेमारीची जाळी होत. फासावर गेलेल्याला ‘ब्रिडपोर्टचा खंजीर लागला’ असे म्हणत, कारण फासाचा दोर इथला!

थॉमस हार्डी या कादंबरीकाराने आपल्या कथांत या गावाला ‘पोर्ट ब्रेडी’ म्हटले आहे. मालिकेतल्या अधिकाऱ्याचे आडनाव त्याच्यावरूनच घेतलेले. घटस्फोटित पत्नीचे नाव टेस हेन्चर्ड. दारूच्या नशेत बायको आणि मुलगी विकणारा आणि जन्मभर पस्तावणारा हेन्चर्ड हा थॉमस हार्डीच्या १८८६ सालच्या एका कादंबरीचा नायक. दुराव्याच्या गोष्टी या मातीला नव्या नाहीत.

संध्याकाळी आम्ही दोघी बंदराच्या धक्क्यावर बसलो. ती म्हणाली, ‘‘माझे बाबा सांगतात, मोठ्या भावाने न विचारता सह्या केल्या.’’

मी म्हणाले, ‘‘आमच्याकडे सांगतात, धाकट्याने आजीच्या आजारपणात तोंड दाखवले नाही.’’

‘‘त्या वर्षी त्यांची नोकरी गेली होती. तिकिटाला पैसे नव्हते. कुणाला सांगितले नाही.’’

‘‘आणि सह्या केल्या, कारण आजीच्या इस्पितळाचे बिल भरायचे होते.’’

मग बराच वेळ आम्ही गप्प होतो. दोन घरांत वाढलेल्या दोन मुली, प्रत्येकीकडे अर्धी गोष्ट. मालिकेत निदान एक हार्डी असतो, साऱ्यांना समोर बसवून विचारणारा.

कसे जावे

लंडनहून डॉर्चेस्टर किंवा अॅक्समिन्स्टरपर्यंत रेल्वे आणि पुढे बसने ब्रिडपोर्ट, वेस्ट बे. मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. वारा बोचरा असतो, स्वेटर जवळ ठेवावा.

रात्री ब्रिस्टलला परतलो तेव्हा काका दार उघडायला स्वतः आले. समुद्र कसा होता, थंडी वाजली का, जेवलात का, सगळे विचारून झाले. मी बूट काढत होते. पाठमोरे होऊन ते म्हणाले, ‘‘दादाचा गुडघा आता कसा आहे?’’

बाबांच्या गुडघ्याविषयी मी त्या घरात एक शब्दही बोलले नव्हते. बहिणीकडे पाहिले, तर तिनेही मान हलवली. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे काका कुणाकडून तरी भावाची खबर घेत होते. तपास मी केला नाही. ‘‘जिना चढताना त्रास होतो,’’ एवढेच सांगितले आणि बाबांचा नंबर कागदावर लिहून त्यांच्या चष्म्याखाली ठेवला.