मैदानाकाठची खुर्ची

एखाद्याच्या नावाने नियम ओळखला जावा, हा केवढा मान! अमेरिकेतील एन.बी.ए. या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये टेड स्टेपियन या संघमालकाला तो लाभला आहे. मात्र त्यांच्यासारखे पुन्हा कोणी वागू नये, म्हणून तो नियम करावा लागला.

१९८० साली या जाहिरात व्यावसायिकाने क्लीव्हलंड कॅव्हेलिअर्स हा संघ ताब्यात घेतला. गृहस्थ भारी उत्साही. त्याच वर्षी आपल्या सॉफ्टबॉल संघाच्या प्रसिद्धीसाठी त्यांनी ५२ मजली टर्मिनल टॉवरवरून खालच्या खेळाडूंना झेलण्यासाठी चेंडू टाकले. एक झेलला गेला. इतरांनी बघे जखमी झाले, मोटारींना पोचे आले. हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

पुढचे मात्र हसण्यासारखे नाही. एन.बी.ए.मध्ये दरवर्षी नवे खेळाडू निवडताना दुबळ्या संघांना आधी निवडीची संधी मिळते. हरणाऱ्या संघाचे ते बियाणे. स्टेपियन यांनी आजच्या जेवणासाठी ते बियाणेच विकले. १९८३ पासून १९८६ पर्यंतच्या चारही वर्षांचे क्लीव्हलंडचे पहिल्या फेरीचे हक्क डॅलसकडे गेले, आणि डॅलसने त्यांतून डेरेक हार्पर, सॅम पर्किन्स, डेटलेफ श्रेम्फ व रॉय टार्पली हे खेळाडू मिळवले. लीगला अखेर क्लीव्हलंडच्या व्यवहारांवर लगाम घालावा लागला. येणाऱ्या सलग दोन वर्षांत पहिल्या फेरीच्या निवडीवाचून राहावे लागेल असा सौदा संघाने करू नये, हाच तो 'स्टेपियन नियम'.

१९८१-८२ च्या एकाच हंगामात त्यांनी चार प्रशिक्षक पाहिले. ८२ सामन्यांत विजय १५. त्या चौघांपैकी चक डेली यांना ४१ सामन्यांनंतर निरोप मिळाला. याच डेलींनी पुढे डेट्रॉइटला १९८९ व १९९० अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळवून दिली! माणूस तोच, विद्या तीच. परंतु प्रशिक्षक महिन्याभरात जाणार हे खेळाडूंना ठाऊक असले, की त्याच्या शब्दाला वजन कोठून राहणार?

स्टेपियन यांना संघाचे वाईट करायचे होते, असे आम्हांस वाटत नाही. जाहिरातीच्या धंद्यात झटपट निर्णयाचे फळ झटपट दिसते. संघ मुरायला वर्षे लागतात. आणि ज्याने पैसे घातले, त्याला वाट पाहणे सर्वांत जड जाते.

हे आम्ही अनुभवाने लिहीत आहोत. आमच्या धर्मग्रामातील मुलांच्या संघाला जर्सी, चेंडू आणि दोन लोखंडी खांब आम्ही दिले, आणि पहिल्याच सामन्याला खुर्ची रेषेला टेकवून बसलो. प्रशिक्षक होता एक तरुण शिक्षक. मध्यंतरात त्याच्याआधी आम्हीच बोलू लागलो. एकदा चांगल्या खेळणाऱ्या मुलाला बाहेर काढून आमच्या पुतण्याला घेण्यास सांगितले. तो "बरं, अंकल," एवढेच म्हणाला. तेवढ्यात एका मुलाने त्याला विचारले, "सर, कोणाचं ऐकायचं?" तो प्रश्न आमच्या कानांवर पडला, पण आम्ही खुर्ची हलवली नाही. महिन्याभरात त्या तरुणाने येणे बंद केले. नंतर मुलेही पांगली. खांब तेवढे गंजत उभे राहिले.

क्लीव्हलंडची सुटका १९८३ साली झाली. स्टेपियन यांच्या तीन हंगामांत ६६ विजय आणि १८० पराभव पाहिलेला तो संघ गंड बंधूंनी विकत घेतला. नव्या मालकांना संघ उभारता यावा म्हणून लीगने पहिल्या फेरीच्या जादा निवडी विकत घेण्याची मुभा दिली. दुसऱ्याच्या चुकीची अशी भरपाई क्वचितच कोणाला मिळते.

आमच्याकडे यंदा पुन्हा मुले जमली आहेत, प्रशिक्षक नवा आहे. खुर्ची कोठे ठेवू, असे आम्ही त्याला विचारले. त्याने पार कंपाउंडच्या भिंतीकडे बोट दाखवले.