कोयना, अलमट्टी आणि पर्याय क्रमांक तीन

राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा सीसॅटचा पेपर ८० प्रश्नांचा, २०० गुणांचा. त्यात ३३ टक्के मिळाले की पुरतं, त्यामुळे तर्काच्या प्रश्नांकडे मुलं हल्ली पास होण्यापुरतीच बघतात. मला याचं वाईट वाटतं. सांगलीत शिकवताना माझा सर्वांत जास्त वेळ जातो तो एकाच प्रकारावर: ‘पुढीलपैकी कोणते विधान वरील युक्तिवाद कमकुवत करते?’ हुशार मुलंसुद्धा निष्कर्षाच्या उलट बोलणारा पर्याय निवडतात. पण नुसतं उलट बोलून युक्तिवाद ढिला होत नाही. पुरावा आणि निष्कर्ष यांच्यामध्ये एक न लिहिलेलं गृहीतक असतं, ते हलावं लागतं.

छापील संचांतली उदाहरणं मुलांना परकी वाटतात. म्हणून फळ्यावर मी आपल्याच पाण्याचे दोन युक्तिवाद लिहू लागलो.

पहिला साताऱ्याचा. कोयना धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागलं, मग परिसरात धक्के जाणवू लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केलं. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. म्हणून भूकंप धरणामुळे झाला.

पाटणकडची एक मुलगी लगेच म्हणाली, “सर, धरणाआधी तिथं भूकंपमापक होतं का?” नेमका वार! यंत्र नसेल, तर ‘आधी धक्के नव्हते’ याचा अर्थ ‘आधी नोंद नव्हती’ एवढाच उरतो. मागच्या बाकावरून दुसरा आला: देशात इतकी धरणं, मग सगळीकडे भूकंप का नाहीत? हा वार मोठा दिसतो, लागतो मात्र थोडा. प्रत्येक धरणाने भूकंप होतो, असं मूळ युक्तिवाद म्हणतच नाही. खडकातला भंग आधीच ताणाखाली असेल तर साठलेलं पाणी त्याला निमित्त पुरवतं, एवढाच त्याचा दावा आहे.

हा युक्तिवाद पुढे टिकला, कारण नवे पुरावे त्याच्या बाजूने आले. पावसाळ्यात जलाशय भरला की धक्के वाढतात, हे वर्षानुवर्षं दिसत राहिलं. १९८५ पासून वारणेचं धरण भरू लागलं आणि १९९३ मध्ये तिकडेही धक्क्यांची मालिका सुरू झाली. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या भूकंपशास्त्रज्ञांनी आयुष्याचा मोठा काळ याच प्रश्नाला दिला, आणि पुढे याच अभ्यासासाठी कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल विंधन घेतलं गेलं.

सांगलीचा युक्तिवाद शिकवणं अवघड जातं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५ फूट. खाली कर्नाटकात अलमट्टी धरणात पाणी अडवलेलं, म्हणून सांगली अलमट्टीमुळे बुडाली. गावभागातल्या एका मुलाने इथे पर्यायांना हातच लावला नाही. “पाणी माझ्या घरात होतं, सर,” एवढंच तो म्हणाला. मी त्याला सांगितलं, तुझ्या घरातलं पाणी कुणी नाकारत नाही, ते विधान खरंच राहणार आहे. आपण तपासतोय तो फक्त ‘म्हणून’. तिसरा पर्याय होता धरणक्षेत्रात मोजक्या दिवसांत कोसळलेल्या अफाट पावसाचा. पूर त्यानेही येऊ शकतो, त्यामुळे अलमट्टी हे एकमेव कारण राहत नाही. त्याने बराच वेळ घेऊन त्यावरच खूण केली.

सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनेही पुराला अलमट्टी थेट जबाबदार धरली नाही. सांगली-कोल्हापुरात अनेकांना ते पटलेलं नाही.

पुढच्या तासाला तोच मुलगा स्वतःचा प्रश्न लिहून घेऊन आला. समितीने अलमट्टीला दोष दिला नाही, म्हणून धरणाची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर केली तरी सांगलीला धोका नाही: हा युक्तिवाद कशाने कमकुवत होतो? खाली उत्तरही त्यानेच लिहिलं होतं: २०१९ च्या पुराच्या वेळी धरण ५२४.२५६ मीटरचं नव्हतं.