अमेरिकेची भट्टी, राजूरची चूल

जालना जिल्ह्यात ‘फर्नेस’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई करणारे कारखाने आहेत आणि आमच्या राजूरसारख्या गावांतली पोरं तिथं कामाला जातात. ‘तो फर्नेसवर आहे’ एवढं म्हटलं की सोयरीक जुळवणाऱ्यालाही सगळं कळतं. त्यामुळे ऑफिसच्या मीटिंगमध्ये ‘होम फर्नेस’ हे शब्द पहिल्यांदा कानावर पडले तेव्हा मी म्यूटवर होते ते बरंच झालं. घरात भट्टी कोण लावतं?

थंड देशांत लावतात. आमची टीम अमेरिकेतल्या घरांच्या थर्मोस्टॅटसाठी अ‍ॅप बनवते. माझ्या वाट्याला आलेलं काम तसं किरकोळ होतं. फर्नेसचा फिल्टर किती चालला ते मोजायचं आणि बदलायची वेळ झाली की घरमालकाला नोटिफिकेशन पाठवायचं. पण कोड लिहायचा तर ती वस्तू चालते कशी हे तरी कळायला हवं, म्हणून वाचायला घेतलं.

तळघरात किंवा कपाटाएवढ्या खोलीत पत्र्याचं एक उभं खोकं असतं. आत गॅसचे बर्नर. ज्योत धातूच्या नळ्यांच्या आत जळते आणि जळून झालेला वायू वेगळ्या पाइपातून थेट घराबाहेर जातो. दुसऱ्या बाजूनं एक पंखा घरातली गार हवा ओढतो, तापलेल्या नळ्यांच्या बाहेरून फिरवतो आणि गरम करून परत खोल्यांत सोडतो. एकाच खोक्यात आगीची हवा वेगळी, माणसांची वेगळी, मधे धातूची भिंत. या भिंतीला हीट एक्स्चेंजर म्हणतात. तिला तडा गेला तर कार्बन मोनॉक्साइड घरात मिसळू शकतो. त्याला ना रंग ना वास, म्हणून तिथं त्याच्यासाठी वेगळा अलार्म लावतात.

मग फिल्टर कशाला? तर मुळात पंख्याला आणि यंत्राला धुळीपासून वाचवायला. पुढं लोकांच्या लक्षात आलं की घरातली सगळी हवा इथूनच फिरतेय, तर ती आपल्यासाठीही गाळून घ्यावी. या फिल्टरांना ‘मर्व्ह’ नावाची श्रेणी असते. साध्या फिल्टरचा आकडा चार-पाच, तो केस आणि धागे अडवतो. आठचा बरीचशी धूळ आणि परागकण धरतो, तेराचा धुरातले बारीक कणही बऱ्यापैकी पकडतो. कोविडच्या काळात तेराची फार चर्चा झाली. रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थाल या दोघांच्या कल्पनेतून तेव्हा एक जुगाड निघाला: चौकोनी पंख्याला चार फिल्टर चिकटपट्टीनं जोडायचे, झाला एअर प्युरिफायर. मला तो प्रकार फार आवडला, आपल्याकडच्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनला सुचला असता असा. पण आकडा मोठा म्हणजे फिल्टर भारी असंही नाही. फिल्टर दाट आणि पंखा कमजोर असला की हवा अडते, नळ्या जास्त तापतात आणि सुरक्षेसाठी यंत्र आपोआप बंद पडतं.

हे सगळं वाचताना एक गोष्ट डोक्यात बसली. फिल्टरच्या भरवशावर तिथं कुणी आग घरात मोकळी सोडत नाही. आधी धुराला बाहेरची वाट करून देतात, आणि त्यानंतर जी काही धूळ उरेल तिच्यासाठी फिल्टर. धुराच्या वायूला तर फिल्टर अडवतच नाही.

आमच्या घरी ही पहिली पायरीच गायब होती. जुनं घर माळवदाचं. चुलीच्या वर साणं होतं, छतातलं एक भोक. पावसात त्यावर घमेलं झाकायचं, एरवी त्यातून उजेड आत यायचा आणि धूर बाहेर जायचा. मग स्लॅबचं घर झालं. सगळ्यांना आनंद झाला, मलाही. पण स्लॅबला कुणी भोक ठेवत नाही. स्वयंपाकघरात वर एक झरोका होता, त्याला उंदरांमुळे पत्रा ठोकला. चूल मात्र जुन्या घरातून नव्या घरात आली. दोन-तीन वर्षांत त्या कोपऱ्यातलं छत तव्यासारखं काळं झालं, आणि दर दिवाळीला आम्ही तेवढ्यालाच चुना लावायचो.

आईचा खोकला कधी सुरू झाला ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. ती बावन्न वर्षांची आहे. राजुरेश्वराच्या टेकडीवर चढताना ती मधे थांबायला लागली तेव्हा आम्ही तिला जालन्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढतं का? नाही. स्वयंपाक कशावर करता? मग त्यांनी तिला नळीत फुंकायला लावलं. स्पायरोमेट्री. ‘अजून जोरात, अजून, अजून’ असं ती सिस्टर ओरडत होती. बाहेर आल्यावर आई म्हणाली, “अख्खा जन्म फुंकणी फुंकण्यात गेला, अन् ही बाई म्हणती तुला फुंकता येत नाही.”

निदान झालं सीओपीडी. फुप्फुसाच्या नळ्या अरुंद झालेल्या, गेलेलं परत येणार नाही, पुढचं नुकसान थांबवा. सिगारेटला कधी हातही न लावलेल्या बायकांना हा आजार होण्यामागं आपल्याकडं चुलीचा धूर हे मोठं कारण आहे, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं.

पुण्यात राहणाऱ्या माझ्या भावानं त्याच रात्री मला एअर प्युरिफायरच्या लिंका पाठवल्या. बारा हजारांचा, ईएमआयवर. त्याची तळमळ मला कळत होती. लांब राहणाऱ्या पोरांना वस्तूच पाठवता येतात. पण फर्नेसचं इतकं वाचून झालेलं, म्हणून मी हिशेब मांडला.

प्युरिफायर म्हणजे पंखा आणि हेपा फिल्टर. हेपा खरंच चांगली चीज आहे. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण पकडायला सगळ्यात अवघड, त्यातलेही ९९.९७ टक्के तो धरतो. याहून मोठे कण तंतूंवर आपटून अडकतात, आणि गंमत म्हणजे याहून बारीक कणही चटकन अडकतात, कारण ते सरळ न जाता भिरभिरत राहतात. यंत्र ठरावीक वेळात किती हवा गाळून देतं त्याचा आकडा खोक्यावर ‘सीएडीआर’ म्हणून छापलेला असतो. आमची झोपायची खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळून निघायची तर सीएडीआर १७० लागेल. बारा हजारांत तेवढं मिळतं. दारं-खिडक्या लावून झोपणाऱ्या पुणेकराला ते उपयोगीही आहे.

स्वयंपाकघराचं तसं नाही. तिथं दार उघडं, माणसांची ये-जा, आणि मुख्य म्हणजे खोलीच्या मधोमध धूर तयार करणारी वस्तू पेटलेली. यंत्र कोपऱ्यातून हवा ओढणार आणि आई चुलीच्या तोंडाशी वाकलेली. धूर आधी तिच्या नाकात जाणार, मग प्युरिफायरमध्ये. कार्बन मोनॉक्साइड तर हेपातून सरळ पार होतो, आणि काजळीनं फिल्टर लवकर भरला की नव्याचे दोन-अडीच हजार. जालन्याच्या भट्टीवर काम केलेल्या माझ्या चुलतभावाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, “आमच्यात भट्टीच्या तोंडावरच हूड लावून ओढत्यात. शेडमधी पसरल्यावर कुठं धरत बसता?” त्या हुडातला धूर पुढं मोठ्या कापडी पिशव्यांतून गाळला जातो. तो दहावी झालाय.

मी एक स्वस्तातला पीएम मीटर मागवला. भारताच्या मानकानुसार पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. सकाळी आईनं पऱ्हाट्या पेटवल्या तसा मीटर तिच्या शेजारी पाटावर ठेवला. आकडा ९९९ वर जाऊन थांबला. त्या मीटरला चौथा आकडा दाखवायची सोयच नाही. ओसरीवर आणला तर खाली आला, परत आत नेला की ९९९. आईनं विचारलं, “काय म्हणतंय तुझं घड्याळ?”

नाकाजवळची हवा मोजायची ही पद्धत काही माझी नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकी संशोधकानं आपल्या सहकाऱ्यांबरोबर गुजरातच्या चार खेड्यांत चुलीपुढं बसलेल्या बायका प्रत्यक्ष किती धूर ओढतात ते मोजलं. तोवर प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी आणि शहरातली गाडी. आजही फार वेगळं नाही. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली जी शहरं आहेत त्यांत जालना आहे. चांगलंच आहे ते. पण ती यंत्रणा शहराची हवा मोजते. तिथून पंचवीस किलोमीटरवरच्या स्वयंपाकघरात कुणी मोजत नाही, आणि घरातल्या धुरामुळे जगात वर्षाला ३२ लाख माणसं मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा अंदाज आहे.

इथं कुणीही विचारेल, गॅस नाही का तुमच्याकडं? आहे. बहुतेकांकडं आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली आणि आठ कोटीवं कनेक्शन ७ सप्टेंबर २०१९ ला आमच्या शेजारी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, दिलं गेलं. गावातून बायका गाड्या भरून त्या मेळाव्याला गेल्या होत्या. पण कनेक्शन मिळणं वेगळं आणि टाकी भरणं वेगळं. उज्ज्वलाचं घर सरासरी वर्षाला चारेक टाक्याच घेतं असं सरकारी आकडेच सांगतात. चार टाक्यांत पाच माणसांचा वर्षभराचा स्वयंपाक होत नाही. उरलेला चुलीवरच होतो.

आमच्या घरी गॅसवर चहा, पोहे आणि पाहुण्यांचं जेवण. भाकरी, डाळ आणि अंघोळीचं पाणी चुलीवर. याला आईचं अडाणीपण म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कापूस निघाला की पऱ्हाट्या फुकट पडून असतात, आणि टाकीला आठ-नऊशे रुपये मोजावे लागतात. ज्वारीची भाकर आरावर टेकवून शेकली की तिला जो पापुद्रा सुटतो तो गॅसवर सुटत नाही, हेही खरं. आणखी एक गोष्ट मला उशिरा दिसली. आमचं कनेक्शन आईच्या नावावर आहे, पण मोबाइल नंबर पप्पांचा. बुकिंग तेच करणार, डिलिव्हरीचा कोडही त्यांच्याच फोनवर येणार. टाकी संपली की आई दोन-दोन दिवस कुणाला सांगायचीच नाही. चूल आहेच की.

हायवेवरचे ‘चुलीवरचं मटण’ असे बोर्ड वाचून मला हल्ली भूक लागत नाही, पण ते जाऊ द्या.

निर्धूर चुलीचाही विचार केला. सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ मध्ये गुंडाळला गेला. महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनं चुलींवर बरंच काम केलं. आमच्या आजीकडंही पाइपवाली चूल होती म्हणे. पाइपात काजळी साठली, ओढ कमी झाली, धूर उलटा घरात यायला लागला, मग कुणीतरी पाइप काढून कोंबड्यांच्या खुराड्याला लावला. पाइप साफ करायला छपरावर कोण चढणार हे कुणी ठरवलंच नव्हतं. शिवाय पाइप धूर नाहीसा करत नाही, अंगणात नेऊन सोडतो. धूर म्हणजे न जळालेलं इंधनच. ते नीट जाळलं तरच कमी होतं.

शेवटी आम्ही जे केलं ते कुठल्याही एका पर्यायात बसत नाही. आधी आईला विचारलं, दिवसातलं सगळ्यात जास्त जळण कशाला जातं? मला वाटलं होतं भाकरी. ती म्हणाली, “पाण्याला.” पाच माणसांची अंघोळ, थंडीत तर तास-दीड तास जाळ. म्हणून भावाचे प्युरिफायरचे पैसे आणि तेवढेच माझे घालून छतावर सोलर हीटर बसवला. झरोक्याचा पत्रा काढून तिथं एक्झॉस्ट पंखा लावला, दाराच्या बरोबर समोर आणि उंचावर, म्हणजे ताजी हवा दारातून आत येते आणि गरम हवा वरून जाते. गॅस असला तरी तो लागतोच, फोडणीचा धूर असतो आणि ज्योतीतून नायट्रोजनचे ऑक्साइडही निघतात. टाकीचं बुकिंग माझ्या फोनवरून होतं. चूल ओसरीच्या टोकाला, उघड्यावर गेली.

ती पूर्ण बंद झालेली नाही. आठवड्यातून दोनदा भाकरीसाठी पेटते, आणि त्यावरून माझं आणि आईचं अजून वाजतं. वीज गेली की पंखा बंद, तेव्हा मी इन्व्हर्टरवर लॅपटॉपऐवजी पंखा लावून देते आणि मॅनेजरला सांगते की नेटवर्क गेलं. पप्पांना टाकीचा खर्च डोळ्यावर येतो. कापसाला भाव नसला की जास्तच.

परवा दुसऱ्यांदा स्पायरोमेट्री झाली. आकडा मागच्या एवढाच. घसरला नाही हेच पुष्कळ, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या आठवड्यात अंगारकी आहे. जालन्याहून लोक रात्रभर चालत दर्शनाला येतात, त्यात आमच्या दोन मावश्या आणि त्यांची सगळी मंडळी. काल मोठ्या मावशीचा फोन आला. एवढ्या लोकांची खिचडी, रात्री उपास सोडायला पोळ्या, चूल कुठं मांडायची?

“अंगणात मांडा,” आई म्हणाली. “अन् पोळ्या तूच कर बाई. मी आत गॅसवर वरण-भात लावते.”