टॅब गप्प राहते तेव्हा

कमांड लाइनवर काम करताना टॅबमुळे टायपिंग वाचतं, असं सगळे म्हणतात. माझ्या लेखी तो तिचा दुय्यम उपयोग. एंटर दाबलं की हुकूम सुटला. टॅब दाबताना आपण फक्त विचारत असतो. या नावाची फाइल आहे का? ही शाखा अजून शिल्लक आहे का? आरएमपुढे नाव लिहिताना मी टॅब दाबल्याशिवाय एंटरकडे जात नाही. नाव पुरं झालं नाही, तर माझ्या डोक्यातलं चित्र आणि डिस्कवरची वस्तुस्थिती यांत अंतर आहे, आणि ते एंटरच्या आधीच कळलेलं बरं. म्हणून बिघडलेली टॅब तशीच ठेवून अख्खी नावं हाताने लिहीत राहणं मला पटत नाही.

ही सोय मुळात युनिक्सची नव्हे. टेनेक्स या कार्यप्रणालीत ती होती, केन ग्रीअर यांनी ती सी शेलमध्ये आणली; टीसीशेलच्या नावातला टी टेनेक्सचाच. बॅशमध्ये टॅबची कळ रीडलाइन ही लायब्ररी सांभाळते, आणि २००० साली आलेल्या २.०४ आवृत्तीपासून प्रत्येक कमांडसाठी वेगळा नियमही लिहिता येतो. दोष शोधताना हे दोन थर आधी वेगळे करावेत. एस्केप दाबून मग तिरकी रेघ दाबली, की बॅश नियम बाजूला ठेवून फक्त फाइलींची नावं शोधतो. त्याने फाइलचं नाव पुरं झालं आणि टॅबने झालं नाही, तर दोष नियमात.

मग 'कम्प्लीट -पी गिट' असं विचारावं. गिटसाठी नियमच नाही असं उत्तर आलं, की पुष्कळजण घाईने हे नियम पुरवणारं बॅश-कम्प्लीशन पॅकेज पुन्हा टाकायला घेतात. थांबा. बॅश-कम्प्लीशन बहुतेक नियम गरज पडेल तेव्हाच उचलतं; गिटपुढे एकदा टॅब दाबा आणि पुन्हा विचारा. तरीही नियम नसेल, तर बॅशआरसीत ते पॅकेज जोडणारी ओळ आहे का ते पाहा. नियम आहे पण उत्तर चुकतंय, तर 'सेट -एक्स' लावून टॅब दाबा. फंक्शनचं प्रत्येक पाऊल पडद्यावर उमटतं. वाचायला किचकट असतं, पण इतकं नेमकं दुसरं काही सांगत नाही.

मराठीत नावं ठेवणाऱ्यांना मात्र एक दोष असा भेटतो, जो यातल्या कशानेच सापडत नाही. 'साताऱ्याची_यादी' नावाची फाइल समोर दिसते. 'साताऱ्या' लिहून टॅब दाबली तर काहीच होत नाही. कारण हा ऱ्या दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसरी, साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, पण यूटीएफ-८ मध्ये 'या'च्या आधी पहिल्यात ६ बाइट, दुसऱ्यात ९. शेलला डोळे नाहीत, तो बाइट जुळवतो. अशा वेळी टॅबला दोष देणं अन्यायाचं आहे. ती खरंच सांगतेय की तुम्ही लिहिलेल्या नावाची फाइल इथे नाही.

वादाच्या अक्षराअलीकडे थांबावं. 'साता' एवढंच लिहून टॅब दाबली, आणि तशी एकच फाइल असली, की नाव पुरं होतं. दोनदा टॅब दाबून हुबेहूब दिसणारी दोन नावं आली, तर दोन्ही रूपं एकाच डिरेक्टरीत नांदत आहेत असं समजावं. एलएसचं उत्तर ओडीला दिलं की बाइट उघड होतात. मी माझ्याकडे ऱ हे स्वतंत्र अक्षर कायम केलं आहे. दुसऱ्यांकडून फाइली आल्या की छोट्या स्क्रिप्टने त्यांच्या नावांतला जॉइनरवाला र आधी बदलून घेतो आणि मगच त्या कामाच्या डिरेक्टरीत हलवतो.